शिष्यवृत्ती : पात्रता आणि पुरावा
(भाषणाचा मजकूर)

मलकपेठ हा हैदराबादचा, मुसी नदीच्या दक्षिणेकडील जुना भाग. चादरघाटचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर कोठीची जुनी रेसिडेन्सी लागते. १९२४ साली स्थापन झालेले व पुढे या वास्तूत आलेले महिला महाविद्यालय आज विद्यापीठ झाले आहे. अंतर फार नाही. परंतु शिवणयंत्रावर संसार चालविणाऱ्या घरातील मुलीला ते किती दूरचे वाटते, हे त्या घरातील माणसेच जाणतात. हे अंतर कमी करण्यासाठीच शासकीय शिष्यवृत्ती आहे.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ते साहाय्य एका गुणग्राही राजाच्या औदार्याचे फळ होते. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि औदार्याची जागा नियमाने घेतली. शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, पात्र विद्यार्थ्याचा तो हक्क होय. मात्र नियमाला पुरावा लागतो, आणि गरीब घर पुष्कळदा गरिबीअभावी नव्हे, तर पुराव्याअभावी अपात्र ठरते.

पहिला प्रश्न, कुटुंब कोणत्या राज्याचे? लातूर, नांदेडकडून हैदराबादेत आलेल्या घरांत शिधापत्रिका गावची आणि शाळा शहरातली, असे पुष्कळदा घडते. मॅट्रिकोत्तर योजनेत अर्जदार ज्या राज्याचा कायम रहिवासी, त्याच राज्याने शिष्यवृत्ती द्यावयाची असते. महाविद्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी हे तत्त्व बदलत नाही. इतर मागासवर्गांच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या असल्याने एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. तेव्हा तेलंगणाच्या ई-पास व्यवस्थेत अर्ज करावयाचा की महाराष्ट्राच्या महाडीबीटीवर, हे बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच ठरविणे हिताचे.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. अनुसूचित जातींच्या केंद्रीय योजनेत आईवडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. महाराष्ट्रातील राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ती आठ लाख रुपये आहे. राज्य, प्रवर्ग आणि योजना यांप्रमाणे मर्यादा बदलते. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाला मिळाली वा नाकारली गेली, एवढ्यावरून स्वतःचा निष्कर्ष काढू नये. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो; हैदराबादेत त्यासाठी मीसेवा केंद्रात अर्ज करता येतो.

तिसरा प्रश्न प्रवेशाचा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला सामान्यतः हा लाभ मिळत नाही. एक पदवी घेतल्यावर त्याच पातळीची दुसरी पदवी घेणाराही वगळला जातो. तेलंगणात ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. घरखर्चासाठी कामावर जाणाऱ्या मुलांनी ती विसरून चालणार नाही.

मराठी घरांना आणखी एक अडचण येते, ती नावाची. मराठी रीतीने मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहितात. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते. शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, आधारपत्रावर दुसरा आणि बँकेच्या पासबुकावर तिसरा असला की अर्ज अडकतो. ही चूक दहावीच्या वर्गात शिक्षकांनी पाहिली तर ती वेळेत दुरुस्त होऊ शकते. प्रवेशाच्या गर्दीत ती वर्ष बुडविते.

मंजुरी मिळाली तरी रक्कम त्याच महिन्यात येईल असे धरू नये. तेलंगणात शुल्क-प्रतिपूर्तीच्या थकबाकीमुळे २०२५ साली खाजगी महाविद्यालयांनी बंद पुकारला होता. म्हणून प्रवेश घेतानाच शुल्क केव्हा व कोणी भरावयाचे, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

कार्यालयातील खिडकीपाशी उभा असलेला पालक बहुधा रोजंदारी बुडवून आलेला असतो. त्याला एकाच फेरीत कोणकोणते कागद हवेत ते सांगणे, हीदेखील शिष्यवृत्तीच होय. शिक्षकाने नाव तपासावे, अधिकाऱ्याने दाखला वेळेवर द्यावा, पालकाने मुदत पाळावी. मग पुलापलीकडचे महाविद्यालय त्या मुलीला दूर राहणार नाही.