सहीची पत

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले काही जण लवकरच इथल्याच, अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीत कामाला लागतील. कुणी प्रयोगशाळेत जाईल, कुणी हिशेबाच्या टेबलावर बसेल, कुणी बांधकामाच्या साइटवर उभं राहील. थोड्याच दिवसांत तुमच्यापुढे कागद येतील: तपासणीचा अहवाल, मोजमापाची वही, सांडपाण्याच्या नमुन्याची नोंद. खाली तुमच्या सहीसाठी जागा असेल. त्या सहीविषयी मला आज बोलायचं आहे, कारण सहीची पत उतरली की शहराचं काय होतं, हे अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या माणसांना दुसऱ्या कुणी सांगायला नको.

28 मे 2021 च्या रात्री उल्हासनगरात एका इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब कोसळला. खालचे स्लॅब तोडत तो तळमजल्यापर्यंत आला. सात माणसं गेली. त्याच महिन्यात, दोन आठवडे आधी, शहरातल्याच दुसऱ्या इमारतीत असाच स्लॅब पडून माणसं दगावली होती. इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे वय जेमतेम पंचवीस. उलट, इथून जवळच वालधुनी नदीच्या काठी शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं शिवमंदिर आजही उभं आहे.

उल्हासनगर मुळात कल्याण कॅम्प, लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं तिथल्या बराकींमध्ये राहिली. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार, जमीन, दुकान सगळं मागे टाकून आलेल्या या लोकांनी एक मोठी बाजारपेठ उभी केली. हाताशी भांडवल नव्हतं, तेव्हा उधारीवर माल मिळत होता आणि उधारी बुडवली जात नव्हती. या शहराची पहिली पुंजी ती होती, आणि ती मला फार मोलाची वाटते.

मग माणसं वाढली, घरं हवी झाली आणि परवानगीशिवाय मजल्यांवर मजले चढत गेले. यात खलनायक एकच शोधू नका. बिल्डरनं घाई केली, मालात काटकसर केली. पाहणीला येणाऱ्यानं पाहिल्यासारखं केलं. घेणाऱ्यानं स्वस्त पडतंय म्हणून कागद मागितले नाहीत. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि प्रत्येक कारण त्या दिवसापुरतं खरंही होतं. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, 855 बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि 2006 मध्ये राज्य सरकारनं खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. त्या घरांत राहणाऱ्यांना रस्त्यावर काढा, असं मी कधीही म्हणणार नाही. पण दंड भरून इमारत नियमित होते, तिच्या स्लॅबमधली वाळू सुधारत नाही. हा फरक सांगणारा आवाज तेव्हा क्षीण पडला.

याचा पैशाशी काय संबंध, तेही पाहा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर बँक सहसा कर्ज देत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी ते तारण ठेवता येत नाही. विकायचं तर रोखीत आणि पडत्या भावानं. आयुष्यभराची कमाई भिंतींत अडकते आणि भिंतीही भरवशाच्या नसतात. एका खोट्या शेऱ्याची किंमत एक कुटुंब तीस वर्षं भरत राहतं. अशी कुटुंबं हजारोंनी झाली की शहर गरीब होतं, दुकानं कितीही झगमगली तरी.

वालधुनीची गोष्ट वेगळ्या वाटेनं तिथेच पोहोचते. 2014 च्या अखेरीस टँकरमधून आणलेलं रसायन उल्हासनगरात पाण्यात सोडलं गेलं आणि वायूच्या त्रासानं शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. तुमच्यातले रसायनशास्त्राचे विद्यार्थी जाणतात की सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करायला पैसे लागतात. एक कारखानदार तो खर्च करतो, शेजारचा रात्री टँकर भरून पाठवतो. तपासणीची सही विकत मिळत असेल तर शेजाऱ्याचा माल स्वस्त पडतो आणि नीट वागणाऱ्याला गाशा गुंडाळावा लागतो. मग प्रदूषण हाताबाहेर जातं, न्यायालयं कडक आदेश देतात आणि त्याचा पहिला फटका कामगारांना बसतो. उल्हासनगरातल्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत तेच झालं.

बदलापूरबद्दल बोलताना जीभ जड होते, पण बोललं पाहिजे. ऑगस्ट 2024 मध्ये दोन लहानग्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला तासन् तास लागले. 20 ऑगस्टला शहर रुळांवर उतरलं, दिवसभर लोकल थांबल्या. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. त्या आईबापांचा संताप मला पूर्ण कळतो. पण त्या गोळीबरोबर त्याच्यावरचा खटलाही संपला. पुरावा मांडला जाणं, उलटतपासणी होणं, न्यायाधीशानं निकाल वाचून दाखवणं यातलं काहीच झालं नाही. पोलीस ठाण्यावरचा विश्वास गेला म्हणून लोक रुळांवर आले आणि न्यायालय लवकर न्याय देईल हा विश्वास नव्हता म्हणून पेढे वाटले गेले. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते.

याच बदलापूरनं उलट चित्रही दाखवलं आहे. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आसपासचे गावकरी धावले आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. गावकऱ्यांच्या माणुसकीचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण बोट चालवणारा जवान शांत दिवसांत वर्षानुवर्षं सराव करत आला होता आणि तो सराव कागदापुरता नव्हता, हेही तितकंच महत्त्वाचं. मला ज्या संस्था हव्या आहेत त्या अशा.

आता एक काम सांगतो. अंबरनाथ नगरपालिकेत 2015 साली निवडून आलेल्या मंडळाची मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढचं मतदान डिसेंबर 2025 मध्ये झालं. मधली पाच वर्षं प्रशासकाची. नगरसेवकच नसल्यानं सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं आणि आपल्यालाही त्याची सवय झाली. आता सभागृह पुन्हा भरलं आहे. सभेचं इतिवृत्त मागून वाचा. आपल्या प्रभागातल्या धोकादायक इमारतींची यादी मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आणि उद्या एखाद्या कंपनीत, न पाहिलेल्या नमुन्याच्या अहवालावर सही करायला कुणी सांगितलं तर आधी नमुना दाखवायला सांगा. त्यानं नोकरी अडचणीत येऊ शकते, हे मी लपवत नाही. तेव्हा एकट्यानं सांगू नका. आज शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मित्राचा नंबर जपून ठेवा. तो पलीकडच्या कंपनीत असेल, त्याच्यापुढेही तसाच कागद आलेला असेल. दोघांनी मिळून सांगा.