स्वस्थ कोण?



'स्वस्थ' हा शब्द आपण दिवसांतून अनेकदां उच्चारतों. दंगा करणाऱ्या मुलाला 'स्वस्थ बैस' म्हणून दटावतों; मन थाऱ्यावर नसलें म्हणजे 'अस्वस्थ वाटतें' असें म्हणतों. या शब्दाची फोड मोठी अर्थपूर्ण आहे. 'स्व' म्हणजे आपण, 'स्थ' म्हणजे राहणारा. जो आपल्या ठायीं स्थिर राहिला, तो स्वस्थ. सुश्रुतानें निरोगी माणसाचें लक्षण सांगतांना दोष, अग्नि व धातु यांचें साम्य तेवढें पुरेसें मानलें नाहीं. आत्मा, इंद्रियें आणि मन यांची प्रसन्नताही त्यानें त्याच लक्षणांत घातली. परंतु ज्या 'स्व'च्या ठायीं राहावयाचें, तो 'स्व' कोणता?

हा प्रश्न मला ग्रंथांतून पडला नाहीं. चाकरींतून निवृत्त झालों, तेव्हां दारावरची माझ्या नांवाची पाटी निघाली, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. वैद्यांना रोग सांपडेना. पुढें माझें मलाच उमगलें कीं, तीस वर्षें ज्याला मी 'मी' म्हणत आलों, तो बहुतेक त्या पाटीपुरताच होता.

त्या दिवसांत मी धाकट्या बहिणीकडे विठ्ठलवाडीस वरचेवर जात असें. कल्याण सोडल्यावर कर्जतच्या वाटेवरचें हें पहिलेंच स्थानक. तेथील बांकावर एका वृद्ध सिंधी गृहस्थांशीं परिचय झाला. दुसऱ्या महायुद्धांत या भागांत लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारों निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. तरीही लोक पत्ता सांगतांना अजून 'कॅम्प नंबर' सांगतात.

हे गृहस्थ आले तेव्हां आठ वर्षांचे होते. घर, शेत, गांव, शेजार, सारें मागें राहिलें होतें. मीं विचारलें, "मग आपल्या मातोश्रींनीं धीर कसा धरला?" ते म्हणाले, "धीर कुठला! रात्रीं ती रडत असे, आम्ही ऐकत असूं. पण पहांट झाली कीं पापड लाटायला बसे. आम्ही चौघें भावंडें होतों. जेवायला तर लागणारच."

मी निरुत्तर झालों. त्या माउलीचें दुःख कोणाच्या उपदेशासाठीं नव्हतें, आणि असल्या आघातानें मोडून गेलेलीं माणसेंही थोडीं नसतील. तरी एक गोष्ट मला तेथें दिसली. माझी केवळ पाटी गेली, तर मी अस्वस्थ झालों. तिचें सर्वस्व गेलें, तरी उभें राहण्यापुरती जागा तिच्यापाशीं उरली होती. ती जागा घरांत नव्हती, नांवांत नव्हती; चार मुलांच्या भुकेला ती जें उत्तर देत होती, त्यांत होती.

ज्या दैवताचें नांव या वाडीला आहे, त्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. देव दारीं आला तेव्हां पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. त्यानें वीट पुढें टाकली आणि हातचें काम चालूं ठेवलें. या कथेंत विटेवर स्थिर उभा असलेला विठ्ठल आपण पाहतों. मला आतां त्याच्याइतकाच स्थिर पुंडलीक दिसतो. 'मी कोण' हें शोधायला तो उठला नाहीं. हातांतलें काम आणि समोरचीं माणसें यांतच त्याचा 'स्व' होता.

आतां आठवड्यांतून दोन संध्याकाळीं मी बहिणीच्या चाळींतल्या मुलांना गणित शिकवतों. दारावर पाटी नाहीं. मुलें मला नुसतें 'आजोबा' म्हणतात. माझा पूर्वीचा हुद्दा त्यांनीं कधीं विचारला नाहीं. गेले कित्येक दिवस मला झोप चांगली लागते.