घर विकून परदेशी जाताना

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. विकून पाहावं, असं कोणी म्हणत नाही. आमच्या घराण्यात गेलं वर्षभर तेच चाललं आहे, म्हणून आज त्याविषयी थोडं बोलतो.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. कोकणातल्या मुसलमानाला परदेश नवा नाही. कोणी बोटीवर खलाशी झाले, कोणी केपटाउन, केनिया गाठलं. १९७० नंतर आखाताची वाट सुरू झाली. पण ही माणसं घर विकून जात नसत, घर बांधण्यासाठी जात. आखातात कितीही वर्षं काढली तरी परत यायचं हे ठरलेलं, त्यामुळे कमाई चिऱ्यांत जिरली. कुलूप लागलेली ती दुमजली घरं आजही गावोगाव दिसतात. पुढची पिढी ब्रिटन-कॅनडात कायमची राहिली आणि घर विकण्याची भाषा कानी येऊ लागली.

माझे थोरले चुलतभाऊ, आमचे भाईजान, निवृत्त शिक्षक. मुलगा लंडनजवळ असतो. तो म्हणतो, घर विका आणि इकडे या. मुंबईचं एक गिऱ्हाईक ४० लाखांना तयारही झालं.

मी विचारलं, "भाईजान, तिथे राहू कोण देणार?"

"मुलगा आहे ना माझा!"

मुलगा खोली देईल हो, पण राहण्याची परवानगी सरकार देतं. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये नियम फार कडक केले. मुलगा तिथला नागरिक असला, तरी आईवडिलांना कायमचं बोलावण्यासाठी दाखवावं लागतं की, म्हातारपणामुळे वा आजारामुळे त्यांना रोजच्या साध्या गोष्टींतही दुसऱ्याची मदत लागते आणि तशी मदत मायदेशात मिळू शकत नाही. भाईजान अजून विहिरीचं पाणी स्वतः शेंदतात. त्यांना मिळेल तो पाहुण्याचा व्हिसा, साधारणपणे एका वेळी सहा महिन्यांचा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका भेटीत पाच वर्षं राहता येतं, पण तिथेही तुम्ही पाहुणेच, आणि आरोग्यविमा स्वतः उतरवायचा. सहा महिन्यांनी परत येणाऱ्या पाहुण्याने घर विकलं, तर उतरायचं कुठे?

आता पैशांचं. मी कविता करणारा, हिशेब माझा प्रांत नव्हे. पण हा हिशेब बोटांवर होतो. घर भाईजानच्या वडिलांचं. आई-वडील दोघेही अल्लाला प्यारे झाले. मागे एक मुलगा, दोन मुली. आमच्या वारसा कायद्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे ४० लाखांत भाईजानचे २० आणि बहिणींचे प्रत्येकी १०. पौंड शंभर रुपयांच्या पुढे गेलेला. २० लाखांचे २० हजार पौंडही होत नाहीत. त्यात लंडनकडे घर तर सोडाच, भाड्यातही ते फार दिवस पुरायचे नाहीत. शिवाय भांडवली नफ्यावरचा कर. जुनं घर विकून नवं घेतलं की त्या करात सवलत मिळते, पण २०१४ च्या अर्थसंकल्पापासून ते नवं घर भारतातच हवं. एप्रिल २०२५ पासून, वर्षाकाठी १० लाखांहून अधिक रक्कम अशा कामासाठी बाहेर धाडली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के आधीच कापून घेते. ते पुढे आयकरात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात.

बहिणींचं नाव निघालं की आमच्याकडे काय, तुमच्याकडे काय, एकच प्रकार. साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. ज्या धर्मात मुलीचा हिस्सा आकड्यात सांगितला आहे, त्यातले लोकही हे बिनदिक्कत करतात, याचं मला नवल वाटतं. मी भाईजानना म्हटलं, बहिणींच्या सह्या घ्या, पण त्याच दिवशी त्यांचे पैसे त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत.

धाकटी बहीण खेडला असते, ती येईल. मधली नैरोबीत. तिला भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करावं लागेल, आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायला हवा. ती परदेशची रहिवासी, म्हणून तिच्या हिश्श्यावरचा कर गिऱ्हाईकाने आधीच कापायचा. हे ऐकून गिऱ्हाईकाचा उत्साह जरा ओसरला.

परवा तिचा फोन आला. सहीला तिची ना नव्हती. तिने एवढंच विचारलं, "परसातल्या फणसाचं काय ठरलं?" भाईजानना उत्तर देता आलं नाही. विक्रीखताच्या मसुद्यात तो फणस 'झाडझाडोऱ्यासह' एवढ्या एका शब्दात बसला आहे.

व्हिसा आता सहा महिन्यांचाच मागायचं ठरलंय. गिऱ्हाईकाला भाईजान अजून नाही म्हणालेले नाहीत. पण यंदा मृगाच्या आधी त्यांनी घर शाकारून घेतलं. नवी कौलं तीनशे लागली.