सुट्टीहून परतलात? माशांचं पाणी एकदम बदलू नका

चार-पाच आठवडे भारतात राहून आपण आयर्लंडला परततो. शेजाऱ्यांनी मासे नीट सांभाळलेले असतात, पाणी मात्र पिवळट झालेलं असतं. बॅगा उघडण्याआधीच आपण टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्यावर तरंगत असतात आणि मुलं विचारतात, "आपण तर टाकी स्वच्छ केली होती ना?"

चूक स्वच्छतेची नाही, घाईची आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात थोडं आम्लही तयार होतं. पाण्यातले कार्बोनेट क्षार हे आम्ल पचवतात. त्यांचं माप म्हणजे केएच. हे क्षार संपले, की पीएच घसरतो. ७ वरून ६ म्हणजे आम्लता दहापट! पीएच ६ च्याही खाली गेला, की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचत जातो. आम्ल पाण्यात तो बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. त्यात नळाचं ताजं पाणी भरपूर ओतलं, की पीएच झटक्यात चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

विकलोच्या डोंगरातलं पाणी मृदू, तर मिडलँड्समधल्या चुनखडीतलं कठीण. मृदू पाण्यात क्षार लवकर संपतात. डब्लिनमध्येही सगळ्या भागांना एकाच ठिकाणचं पाणी येत नाही. म्हणून घर बदललं, की पाणी पुन्हा तपासा.

तर परतल्यावर काय करायचं? आधी टेस्ट किटने टाकीचा पीएच, केएच आणि अमोनिया मोजा. नळाचं पाणी ग्लासात एक दिवस उघडं ठेवून मगच त्याचा पीएच पाहा, कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जावा लागतो. दोन्हींत बराच फरक असेल, तर रोज फक्त दहा टक्के पाणी बदला. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं हवं आणि त्यात क्लोरीन काढणारं औषध घाला. तोवर खाणं अगदी कमी द्या. पीएच चढवणारी औषधं एकदम ओतू नका. केएच नेहमीच ४ च्या खाली राहत असेल, तर कोरलच्या चुऱ्याची छोटी पिशवी फिल्टरमध्ये ठेवा.

उलट पीएच आपोआप चढत असेल, तर मुलांनी किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आणि दगड तपासा. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला, तर त्यात चुना आहे. तो दगड टाकीबाहेर शोभेला ठेवा.

पुढच्या वेळी भारतात निघण्यापूर्वी रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्या. आणि परतल्यावर आधी चहा घ्या, मग पाणी मोजा. बादली शेवटी उचला.