बांबूउडी आणि बंद दरवाजे
(ॲन आर्बर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांत स्त्रियांच्या प्रश्नांवर चर्चा होते तेव्हा शिक्षण, हुंडा, नोकरी, मालमत्ता हे विषय येतात. खेळ येत नाही. खेळ ही मुलांच्या शनिवार-रविवारची सोय, असं आपण धरून चालतो. आज मी मुद्दाम एका खेळाबद्दल बोलणार आहे. पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूउडी.

पुरुषांची बांबूउडी १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे. स्त्रियांची आली २००० साली, सिडनीत. मध्ये १०४ वर्षं गेली. सांगितलं जाणारं कारण असं, की बाईच्या खांद्यात आणि दंडात तेवढा जोर नसतो. आता हे खरं की खोटं ते कळायला आधी तिला उडी मारू द्यायला हवी. तेच तर बंद होतं!

सिडनीत ४.६० मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकलं ते अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाने. कॅलिफोर्नियात वाढलेली ही मुलगी लहानपणी रोडिओत दोर टाकून बकऱ्या पकडायची. आयडाहो स्टेट विद्यापीठात ती हेप्टॅथलॉन करत होती. तिथले प्रशिक्षक डेव्ह नील्सन यांनी तिच्या हातात पोल दिला. तेव्हा स्त्रियांसाठी ना मोठी स्पर्धा होती, ना पदक. १९९७ मध्ये जागतिक इनडोअर स्पर्धेत, १९९९ मध्ये सेव्हियाच्या जागतिक स्पर्धेत आणि २००० मध्ये ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा आला. तिन्ही ठिकाणी पहिली विजेती ड्रॅगिलाच. दरवाजा उघडला तेव्हा ती उंबरठ्यावर तयार उभी होती.

पुढचं तर अधिक बोलकं आहे. १९९२ मध्ये चीनच्या सुन त्सायुनची ४.०५ मीटर ही स्त्रियांची सर्वोत्तम उडी होती. २००९ मध्ये रशियाच्या येलेना इसिनबायेवाने ५.०६ मीटर पार केले. तो विक्रम आजही उभा आहे. सतरा वर्षांत एक मीटर! सतरा वर्षांत बायकांचे खांदे काही बदलले नाहीत. बदलले ते नियम, आणि त्यामुळे मिळालेला सराव.

पण ड्रॅगिलाला विद्यापीठात संघ आणि प्रशिक्षक मिळाला कसा? ती एक वर्षाची असताना, जून १९७२ मध्ये, 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. मूळ कलम सदतीस शब्दांचं आहे आणि त्यात 'खेळ' हा शब्दही नाही.

ही गोष्ट आपल्या गावातून, ॲन आर्बरमधून, नीट दिसते. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. धावपटू दमलेल्या दिसल्या म्हणून वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. त्याच १९६० मध्ये इथे रेड सिमन्स आणि त्यांच्या पत्नी बेटी यांनी मुलींसाठी 'मिशिगामीज' हा धावण्याचा क्लब काढला. त्यातली फ्रान्सी क्रेकर १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकला ८०० मीटर धावली, १९७२ मध्ये म्युनिकला १५०० मीटर. ऑलिंपिकपटू मुलगी गावात, पण मिशिगन विद्यापीठात मुलींचा धावण्याचा संघ नव्हता! मुलींचे पहिले अधिकृत संघ १९७३-७४ मध्ये आले, सहा खेळांचे. धावण्याचा संघ त्याच्याही नंतरचा.

आणि हे सुखासुखी झालं नाही. विद्यापीठाचे क्रीडा संचालक डॉन कॅनहॅम आणि फुटबॉलचे प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांचा कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध होता. फुटबॉलचा पैसा जाईल ही भीती. राष्ट्राध्यक्ष होते जेराल्ड फोर्ड, स्वतः मिशिगनचे फुटबॉलपटू. आक्षेप त्यांच्यापर्यंत पोचले, तरीही १९७५ ची नियमावली अमलात आली. दर शनिवारी ते प्रचंड स्टेडियम भरतं ते आपण पाहतोच. फुटबॉल काही बुडाला नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आपल्याला माहीत आहे. दुष्काळी भागातली मुलगी, मुंबई मॅरेथॉन गाजवली, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ मध्ये रिओला ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री १९८४ च्या पी. टी. उषानंतर तीच. तिची जिद्द आपण गातो, ते योग्यच. पण स्त्रियांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली २००८ साली. दहा-बारा वर्षं आधी जन्मली असती तर त्याच जिद्दीला ही शर्यतच मिळाली नसती.

मंडळी, जिद्दीच्या कहाण्या आपल्याला फार आवडतात, कारण त्यात आपल्याकडे काही काम उरत नाही. बांबूउडी मात्र नुसत्या जिद्दीवर भागवू देत नाही. धावायला माणचा रस्ता चालतो. बांबूउडीला धावपट्टी लागते, पोल रोवायचा खाचा लागतो, पडायला फोमची जाड गादी लागते. फायबरचा पोल उडी मारणाऱ्याच्या वजनाप्रमाणे घ्यावा लागतो. खेळ सुधारला की आणखी लांब, आणखी ताठ पोल हवा. म्हणजे एकीला अनेक पोल. आणि ते न्यायचे कसे? जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय विक्रमवीर देव मीणा आणि त्याचा साथीदार कुलदीप यादव यांना पोल सोबत आहेत म्हणून पनवेल स्थानकात गाडीतून उतरवलं गेलं. विक्रमवीराची ही गत, तर एकट्या निघालेल्या मुलीचं काय?

तरीही तामिळनाडूच्या मुलींनी वाट काढली आहे. व्ही. एस. सुरेखाचा ४.१५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम २०२२ मध्ये रोझी मीना पॉलराजने ४.२० मीटरने मोडला. जगातली स्पर्धा अर्थात पुढे गेली आहे. २०२४ मध्ये पॅरिसला ऑस्ट्रेलियाच्या नीना केनेडीने ४.९० मीटरवर सुवर्ण जिंकलं, आणि ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने सुवर्णविजेत्या स्त्री-पुरुषांना सारखेच पन्नास हजार डॉलर दिले. बांबूउडी हा आज बाईचा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो. ड्रॅगिलाच्या आधीच्या पिढीला हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

म्हणून दोन विनंत्या. आपण गावाकडच्या शाळांना देणग्या देतो. पुढच्या वेळी पदकविजेतीला शाल-श्रीफळ पाठवण्याआधी विचारा : शाळेचं मैदान मुलींना किती वाजेपर्यंत मिळतं? कपडे बदलायला खोली आहे का? शिकवायला कुणी आहे का? देणगी त्याला द्या. दुसरी विनंती आपल्या घरासाठी. अकरावीत 'आता एस.ए.टी. आहे, खेळ पुरे' असं मुलीला सांगण्याआधी आठवा, की तिच्या शाळेतला संघ तिच्यासाठी आपोआप झालेला नाही. तो कुणीतरी भांडून मिळवला आहे, आणि त्यातलं काही भांडण याच गावात झालं आहे.