अनुबोधपट : सामान्य माणसाची साक्ष



मध्य रेल्वेच्या लोकलने घाटकोपर सोडले की विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंड ही स्थानके ओळीने लागतात. या पट्ट्यात एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत. आज तेथे उंच इमारती आणि दाट वस्त्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत. कांजूरमार्गच्या पूर्वेस, खाडीलगत, मुंबईच्या कचऱ्याचा फार मोठा भाग दररोज येऊन पडतो. कचरा कोठून निघतो हे प्रत्येक घराला ठाऊक असते. तो उचलणाऱ्या माणसाची ओळख मात्र फार थोड्यांना असते. ही ओळख करून देणे, हे अनुबोधपटाचे पहिले कार्य होय.

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचे लघुपट दाखविले जाऊ लागले. धरणे, शेती, आरोग्य यांची माहिती त्यांनी गावोगावी पोहोचविली. तथापि त्यांपैकी बहुतेक पटांत निवेदक बोलत असे आणि पडद्यावरचा माणूस मूक राही.

हा क्रम पुढे पालटला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या ‘हमारा शहर’ या पटात झोपड्या पाडल्या गेलेली माणसे स्वतः बोलतात. त्यातील एक स्त्री तर गरिबांची चित्रे घेऊन नाव कमावणाऱ्यांना, म्हणजे प्रत्यक्ष चित्रपटकारांनाच, संतापून जाब विचारते. तो प्रसंग गाळला गेला नाही. साक्ष घेणाऱ्यालाही प्रश्न विचारला जावा, हा प्रामाणिकपणा त्यातून दिसतो.

याच पटात शाहीर विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. काही दिवसांतच मुलुंडला राहणाऱ्या घोगरे यांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्या शोकातून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा पट पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. वृत्तपत्रांतील बातमी चार दिवसांत जुनी होते. परंतु त्या कुटुंबांचे दुःख, त्यांची गाणी आणि न्यायाची दीर्घ प्रतीक्षा या पटामुळे विस्मृतीत गेली नाही.

अन्याय केवळ मोठ्या घटनांतच असतो असे नाही. पारोमिता व्होरा यांच्या २००६ सालच्या ‘क्यू टू पी’ या पटाचा विषय सार्वजनिक शौचालय हा आहे. शहरातील स्त्रीला दिवसभर ही सोय का मिळत नाही, या साध्या प्रश्नातून नगरनियोजनात कोणाचा विचार होतो आणि कोणाचा राहून जातो, हे उघड होते. ग्रामपंचायतीच्या सभेतही हाच प्रश्न विचारता येईल.

यापुढची पायरी म्हणजे कॅमेरा त्या माणसांच्याच हाती देणे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेने १९८४ साली श्रमिक स्त्रियांना व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांत निरक्षर स्त्रियाही होत्या. अक्षर न वाचणारी स्त्री आपल्या धंद्याच्या अडचणी चित्रांतून अधिकाऱ्यांसमोर मांडू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. आज खेड्यातील युवकाच्या हातीही चित्रीकरण करणारा फोन आहे. साधनाची उणीव उरलेली नाही.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ज्याचे चित्रण करावयाचे त्याची संमती घ्यावी. तयार झालेला पट प्रथम त्यालाच दाखवावा. शाळेत वा ग्रामसभेत वीस मिनिटांचा पट दाखविला, तर चर्चेसाठी निदान तेवढाच वेळ राखावा आणि ज्यांच्याविषयी तो पट आहे, त्यांना बोलण्याची पहिली संधी द्यावी. संबंधित अधिकाऱ्याने तेथे उपस्थित राहून आलेल्या तक्रारी टिपून घ्याव्यात व पुढील सभेत त्यांचे काय झाले ते सांगावे.

पडदा काळा झाल्यावर दिवे लागतात. त्या उजेडात शेजारचा माणूस प्रथमच नीट दिसला, तर अनुबोधपटाचे सार्थक झाले असे समजावे.