बलकाची सही

रसायनी हे नावच कारखान्यांनी दिलेलं. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली आणि पाताळगंगेकाठच्या या गावांची ओळख रसायनांशी जोडली गेली. पण गावाला ओळख कलाही देते, आणि तिचा फार जुना दाखला आपल्या शेजारीच, कर्जत तालुक्यात आहे.

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाचं दर्शनी तोंड लाकडी इमारतीसारखं कोरलंय, वर नाचणाऱ्या जोडप्यांचे पट आहेत. डाव्या हाताला एका भव्य यक्षमूर्तीचा भंगलेला चेहरा दिसतो. त्याच्या डोक्यावरचं शिरोभूषण अजून रेखीव आहे. त्याजवळच ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे : हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं.

आपल्याकडच्या बहुतेक लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं सापडतात, घडवणाऱ्याचं क्वचितच. इथे मात्र कारागिराने आपल्याबरोबर गुरूचंही नाव दगडात ठेवलं. मला ही ओळ त्या अख्ख्या लेण्याइतकीच मोलाची वाटते. कोंदिवडे गावाहून पायवाटेने चढून गेलात, तर आधी तो चेहरा शोधा.